गाडीच्या कपाळावरचा बिल्ला

फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांचा हंगाम ऐन भरात आला की नाशिक-दिंडोरी रस्त्याला उसंत नसते. क्रेटांनी शिगोशीग भरलेल्या पिकअप, छोटे हत्ती, आयशर, मधूनच एखादी जुनी चारशे सात, वणीकडे निघालेली लाल एसटी, सप्तशृंगी गडावर दर्शनाला चाललेल्या जीपा. लांबून येणारी गाडी कोणत्या कंपनीची हे इथली शाळकरी पोरंसुद्धा नंबरप्लेट वाचता येण्याआधी सांगतात. ही ओळख पटते ती समोरच्या जाळीवरून आणि जाळीच्या मधोमध बसवलेल्या चिन्हावरून. सुट्या भागांच्या दुकानात या चिन्हाला ‘मोनोग्राम’ म्हणतात. आजचा मोनोग्राम बहुधा प्लास्टिकचा असतो, वरून क्रोमचा मुलामा, मागे दोन खुंट्या नाहीतर चिकटपट्टी. दगड लागला, तडकला, की नवा आणून बसवायचा.

शंभर वर्षांपूर्वी याच जागी पितळेचा किंवा तांब्याचा, रंगीत मीनाकाम केलेला बिल्ला असे. तो ठशातून काढलेला, भट्टीत भाजलेला, हाताने घासून गुळगुळीत केलेला असे. मोटारींच्या इतिहासावर लिहिणारे लोक इंजिनांबद्दल पानेच्या पाने लिहितात आणि या बिल्ल्याला एका ओळीत निकालात काढतात. मला ते पटत नाही. गाडी कुठे तयार झाली, कोणी जुळवली, कोणाशी करार होता, तो केव्हा संपला, हे सगळे या तळहाताएवढ्या तुकड्यावर नोंदलेले असते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर कागदपत्रे गेली, गाड्या भंगारात गेल्या आणि कित्येकदा बिल्ला तेवढा मागे उरला.

पण तो तिथे, गाडीच्या कपाळावर, आलाच कसा? याचे उत्तर पाण्यात आहे.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची बरीचशी उष्णता चाकांपर्यंत पोचत नाही. ती बाहेर काढून टाकली नाही तर धातू प्रसरण पावतो, तेल पातळ होते आणि इंजिन ‘धरते’. म्हणून इंजिनाभोवती पाणी खेळवायचे आणि ते तापलेले पाणी वाऱ्यावर निववून पुन्हा आत सोडायचे. अगदी सुरुवातीच्या मोटारींत यासाठी नुसत्या नळ्यांची वेटोळी असत. ती पुरत नसत, पाणी उकळून उडून जाई, आणि गाडीबरोबर पाण्याचा मोठा साठा वाहून न्यावा लागे. हे कोडे जर्मनीत विल्हेल्म मायबाखने सोडवले. १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीसाठी त्याने सहा मिलिमीटर चौकोनी तोंडाच्या ८,०७० बारीक नळ्या एकत्र डाग देऊन जोडल्या आणि त्यांचा एक चौकोनी ठोकळा केला. नळ्यांतून वारा वाहायचा, नळ्यांमधल्या फटींतून पाणी झिरपत खाली उतरायचे. समोरून पाहिले की मधाचे पोळे दिसे, म्हणून त्याला पोळ्याचा रेडिएटर असेच नाव पडले.

पोळ्याला वारा हवा म्हणून ते गाडीच्या पुढच्या टोकाला, उघड्यावर उभे राहिले. पुढची तीस वर्षे मोटारीला चेहरा होता तो हाच. गाडीचे बाकीचे अंग पुष्कळदा वेगळाच कारागीर बांधी. कारखान्यातून सांगाडा, इंजिन आणि रेडिएटर येई, वरची पेटी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या बांधकाम करणाऱ्याकडून करून घेई. म्हणजे दोन सारख्याच गाड्या अंगाने निरनिराळ्या दिसत, सारखे असे ते फक्त तोंड. साहजिकच कारखानदारांनी सगळी हौस तिथे केली. रोल्स-रॉइसने ग्रीक देवळाच्या दर्शनी भागाचा आकार घेतला, इंग्लंडच्या मॉरिसने बैलाच्या नाकासारखा गोल, अमेरिकेच्या पॅकार्डने वर खांदे असलेला. नाव न वाचता गाडी ओळखू यावी, हा त्यामागचा हेतू होता.

आता नाव लावायचे कुठे? पोळ्यावर लावले तर वारा अडतो, आणि वारा अडवण्यासाठी कोणी रेडिएटर बसवत नाही. जागा होती ती वरच्या टाकीच्या दर्शनी पत्र्यावर. रेडिएटरच्या माथ्याला एक पितळी टाकी असते, इंजिनातून आलेले गरम पाणी आधी तिच्यात येते. तिथून वारा जायचाच नसतो. त्या पट्टीच्या मध्यभागी बिल्ला बसला आणि तिथेच राहिला. ज्यांना मोठे नाव मिरवायचे होते त्यांनी दुसरी युक्ती काढली. पितळेच्या जाड पत्र्यातून एकमेकांना जोडलेली, वळणदार अक्षरे कापायची आणि ती तारेने पोळ्यावर तिरकी बांधायची. तार नळ्यांच्या भोकांतून मागे काढून पिळलेली असे. अक्षरे सुटसुटीत असल्याने वारा फारसा अडत नसे. जुन्या छायाचित्रांत रेडिएटरवर आडवे-तिरके पसरलेले नाव दिसते ते हेच. फोर्डच्या मॉडेल टी गाडीने तर वेगळा बिल्लाही ठेवला नाही, वरच्या टाकीच्या पत्र्यातच ‘फोर्ड’ हे नाव ठशाने उठवलेले असे. या गाडीला पहिल्या अडीच हजार गाड्यांनंतर पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि गार झाले की खाली बसते, एवढ्या नियमावर तिचे पाणी फिरत असे. १९१६ पर्यंत तिचा रेडिएटर पिवळ्याधमक पितळेचा होता, पुढे तो काळ्या रंगाचा झाला आणि गाडीचा सगळा तोराच बदलला.

बिल्ला तयार कसा होई ते नीट पाहण्याजोगे आहे. प्रथम पोलादाचा ठसा कोरायचा. त्यावर तांब्याचा किंवा पितळेचा पत्रा ठेवून जोराचा दाब द्यायचा. इथपर्यंत हे काम आपल्याकडच्या देवघरातल्या टाकासारखेच आहे. टाकावर खंडोबा उठून येतो तसे इथे अक्षर आणि चित्र उठून येते. फरक पुढे पडतो. उठलेल्या रेषांच्या मधल्या खोलगट जागांत रंगीत काचेची पूड पाण्यात कालवून भरायची, प्रत्येक रंग निराळा, एका कप्प्यातला दुसऱ्यात जाता कामा नये. वाळल्यावर बिल्ला सुमारे आठशे अंश तापमानाच्या भट्टीत घालायचा. काच वितळते आणि धातूला घट्ट बसते. ती थंड होताना किंचित आक्रसते, म्हणून पुन्हा पूड भरायची, पुन्हा भाजायचे. शेवटी दगडावर पाण्याखाली घासून काच आणि धातूच्या रेषा एका पातळीत आणायच्या, आणि उघड्या धातूवर निकेल किंवा क्रोमचा मुलामा द्यायचा. मागच्या बाजूला आटे पाडलेल्या दोन काड्या डागलेल्या असत, आणि बऱ्याचदा बिल्ला घडवणाऱ्याचे नाव बारीक अक्षरांत ठोकलेले असे. इंग्लंडात बर्मिंगहॅमचे, अमेरिकेत ओहायो आणि न्यू जर्सीचे कारखाने या कामात नावाजलेले होते. लष्कराची पदके आणि शाळांची सन्मानचिन्हे घडवणारे हात तेच होते.

साधा रंग उन्हाने उडतो, काचेचा उडत नाही. ऐंशी-नव्वद वर्षे माळ्यावर पडलेला बिल्ला ओल्या फडक्याने पुसला की निळा निळाच निघतो.

रेडिएटरच्या माथ्यावर पाणी भरायचे झाकण असे. ते चालकाच्या अगदी डोळ्यांसमोर. अमेरिकेत बॉइस नावाच्या गृहस्थाने १९१२ च्या सुमारास या झाकणात एक तापमापक बसवायची कल्पना पेटंट केली. गोल चकती, तिच्या मधोमध काचेची नळी, नळीत लाल रंगाचा द्रव. नळीचे खालचे टोक टाकीतल्या पाण्याच्या वरच्या वाफेत लोंबकळे. लाल रेघ वर चढू लागली की चालकाने समजायचे, गाडी तापली. याला मोटोमीटर म्हणत. चकतीवर मोटार कंपन्या आपापले नाव आणि चिन्ह उमटवून घेत, त्यामुळे उपयोगाची वस्तू आणि मिरवायची वस्तू एकच झाली.

सपाट प्रदेशात मोटोमीटर ही चैन असेल. आपल्याकडे तिची गरज होती. मुंबईहून नाशिककडे येणाऱ्याला कसाऱ्याचा घाट चढल्याशिवाय गत्यंतर नव्हते. चढावर गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेटायची, म्हणजे इंजिन जोरात आणि वेग कमी, वारा जवळजवळ नाही. त्यात समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर वर आले की पाणी शंभरऐवजी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. त्या काळचा रेडिएटर उघड्या भांड्यासारखा होता, त्यात दाब धरून ठेवणारे झाकण नव्हते, त्यामुळे पाणी उकळले की वाफ थेट बाहेर. वणीचा गड तर कसाऱ्याहून कितीतरी उंच. घाटात गाडी बाजूला घ्यायची, बॉनेटचे पंख उघडून ठेवायचे, फडक्याने धरून झाकण हळूहळू फिरवायचे, वाफ निघून गेली की डब्यातले पाणी थोडे थोडे सोडायचे. हे क्लीनरचे काम असे, आणि कोपरापर्यंत भाजलेले हात ही त्याची किंमत असे. पाण्याचा डबा गाडीत नसला तर चालक घाटाच्या वाटेला जातच नसे.

या घाटांनीच एका इंग्रजी गाडीला नाव मिळवून दिले. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी घेण्यात आली. ६२० मैल अंतर, वाटेत सहा मोठे घाट. रोल्स-रॉइसची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची गाडी या मार्गावर कुठेही नाइलाजाने न थांबता धावली आणि पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेतली. सह्याद्रीतली ही कामगिरी कंपनीला हिंदुस्थानातल्या संस्थानिकांपुढे अभिमानाने सांगता आली. त्या गाडीच्या रेडिएटरवर पंख पसरलेली ती प्रसिद्ध परी मात्र नव्हती. ती अजून जन्माला यायची होती.

परीची हकिगत मुंबईशी जोडलेली आहे, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. १९१० च्या सुमारास श्रीमंत लोक रेडिएटरच्या झाकणावर वाटेल त्या बाहुल्या बसवू लागले होते. पोलीस, काळी मांजर, माकडे. रोल्स-रॉइसच्या क्लॉड जॉन्सन यांना हे खपेना. त्यांनी चार्ल्स साइक्स या शिल्पकाराकडून गाडीला शोभेल अशी एक मूर्ती करून घेतली. फेब्रुवारी १९११ मध्ये तिची नोंदणी झाली. पुढे झुकलेली, वाऱ्याने वस्त्र मागे फडफडणारी ही स्त्री, ‘स्पिरिट ऑफ एक्स्टसी’. साइक्सने त्याआधी लॉर्ड मॉन्टेग्यू यांच्या गाडीसाठी ओठांवर बोट ठेवलेली एक छोटी मूर्ती केली होती, आणि तिच्यासाठी मॉन्टेग्यूंच्या सचिव एलिनॉर थॉर्नटन समोर बसल्या होत्या. पुढच्या परीतही चेहरा त्यांचाच आहे असे मानले जाते.

पहिल्या महायुद्धात मॉन्टेग्यूंकडे हिंदुस्थानातल्या लष्करी मोटार वाहतुकीचे काम सोपवले गेले. डिसेंबर १९१५ मध्ये ते पी अँड ओ कंपनीच्या ‘पर्शिया’ बोटीने निघाले. एलिनॉर त्यांच्याबरोबर होत्या. ही बोट मुंबईला येत होती. ३० डिसेंबरला भूमध्य समुद्रात, क्रीट बेटाच्या दक्षिणेला, जर्मन पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडला. काही मिनिटांत बोट बुडाली. तीनशेहून अधिक माणसे गेली, त्यांत एलिनॉर होत्या. मॉन्टेग्यू वाचले. मुंबईच्या रस्त्यांवर पुढे शेकडो वेळा जी मूर्ती झळकली, ती जिच्यावरून घडली असे म्हणतात, ती बाई मुंबईच्या वाटेवरच समुद्रात गेली. रोल्सची चांदीसारखी परी पाहून लोक किमतीबद्दल बोलतात. मला दर वेळी ही बोट आठवते.

कोल्हापुरात आणखी एक धागा जुळतो. छत्रपती राजाराम महाराजांनी १९३० च्या दशकात जर्मनीहून एक मायबाख गाडी घेतली. पोळ्याचा रेडिएटर घडवणाऱ्या विल्हेल्म मायबाखच्या आणि त्याचा मुलगा कार्ल याच्या कंपनीची ही गाडी. कोल्हापूरकर तिला मेबॅक म्हणतात. तिच्या रेडिएटरवर फुगीर त्रिकोणात गुंफलेली दोन ‘एम’ अक्षरे आहेत, मायबाख मोटोरेनबाऊ या कंपनीच्या नावातली. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला ही गाडी दसरा चौकात येते आणि सगळा जमाव तिच्याकडे पाहत राहतो. जुन्या बिल्ल्याला वर्षातून एकदा तरी भर रस्त्यात, भर गर्दीत, त्याच्या मूळ जागी पाहण्याची संधी महाराष्ट्रात इथे मिळते. मुद्दाम जावे असे हे ठिकाण आहे.

पण राजेरजवाड्यांच्या गाड्यांवर थांबले तर अर्धीच गोष्ट सांगून होते. दिंडोरी, वणी, कळवण, सटाणा या बाजूच्या माणसाने मोटारीचे तोंड प्रथम पाहिले ते सर्व्हिस मोटारीचे, म्हणजे खासगी प्रवासी गाडीचे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. सुटे भाग पेट्यांतून येत, इथे जोडले जात. शेव्हरोले ट्रकचे सांगाडे यातून देशभर गेले, त्यांवर लाकडी पेटी बांधली की सर्व्हिस मोटार तयार. शेव्हरोलेचे चिन्ह १९१३ पासून तेच आहे, बो-टायच्या आकाराची आडवी पट्टी. जिथे इंग्रजी वाचणारा गावात एखादाच, तिथे अक्षरांपेक्षा आकार कामाला येतो, हे कारखानदारांना पक्के कळत होते.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. ती बेडफर्ड होती. मुंबई राज्याच्या या नव्या परिवहन सेवेत त्या काळी एकूण दहा बनावटींच्या गाड्या होत्या. शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बिअन, लेलँड, कॉमर आणि फियाट. ही यादी मी पुन्हा पुन्हा वाचतो. एका स्टँडवर दहा कारखान्यांचे, तीन देशांचे बिल्ले! त्यांत अल्बिअन स्कॉटलंडची, ग्लासगोची. तिच्या रेडिएटरवर किरणे फाकलेला उगवता सूर्य असे, आणि गाडी सूर्योदयाइतकी भरवशाची, असा कंपनीचा दावा असे. स्टुडबेकर ही मूळची घोडागाड्या बांधणारी, १८५२ सालची अमेरिकन पेढी. तिच्या जुन्या बिल्ल्यावर गाडीचे चाक आणि त्यावर तिरके नाव असे. बेडफर्ड ही इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची ट्रक शाखा, आणि व्हॉक्सहॉलचे चिन्ह म्हणजे गरुडाचे तोंड आणि सिंहाचे धड असलेला ग्रिफिन. हा प्राणी तेराव्या शतकातल्या एका सरदाराच्या ढालीवरून आलेला आहे. प्रवाशाला यातले काही माहीत असण्याचे कारण नव्हते. वर्कशॉपमधल्या माणसाला मात्र बिल्ला पाहावाच लागे, कारण दहा बनावटी म्हणजे दहा तऱ्हेचे नट, दहा तऱ्हेचे पाटे, आणि एकाचा रेडिएटर दुसऱ्याला बसत नाही. पुढे महामंडळाने टाटा आणि लेलँड या दोनच गाड्यांवर भर दिला. दुरुस्तीच्या दृष्टीने तो निर्णय शहाणपणाचा होता. स्टँडवरचे रंग मात्र गेले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर बिल्ल्यांचा मामला बदलला. आता गाडी इथे घडवायची होती आणि प्रश्न होता तो नावाचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. हेच वालचंद नाशिक जिल्ह्यात रावळगावला साखर कारखाना उभा करणारे. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ गाड्या आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. कष्ट कुर्ल्याचे, पण बिल्ला डेट्रॉइटचा. डॉजच्या नाकावरचा मेंढा १९३२ पासूनचा, शिल्पकार अव्हार्ड फेअरबँक्सने घडवलेला. याच कारखान्यातली फियाट पुष्कळ वर्षे फियाटच राहिली आणि सत्तरच्या दशकात तिच्यावर ‘प्रीमियर’ आले तेव्हाही मुंबईचा टॅक्सीवाला तिला फियाटच म्हणत राहिला.

सर्वांत बोलकी गोष्ट टाटांच्या ट्रकची आहे. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून टाटा मर्सिडीज-बेंझ ट्रक येऊ लागले. त्यांच्या जाळीवर वर्तुळातला तीन टोकांचा तारा होता. हा तारा डाइम्लर कंपनीने १९०९ मध्ये नोंदवलेला. कंपनीचा संस्थापक गॉटलीब डाइम्लर याने बायकोला पाठवलेल्या एका पत्रावर आपल्या घराच्या जागी तारा काढला होता, ती आठवण मुलांनी ठेवली. तीन टोके म्हणजे जमीन, पाणी आणि आकाश, तिन्हीकडे आपली इंजिने चालतील ही आकांक्षा. युरोपात हा तारा ऐश्वर्याची खूण झाला. आपल्याकडे तो कांद्याच्या, उसाच्या, सिमेंटच्या गोण्यांच्या ट्रकवर दिसू लागला. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागले, झेंडूचा हार त्याच ताऱ्याला अडकवला गेला. १९६९ मध्ये करार संपला आणि ताऱ्याच्या जागी वर्तुळात टाटांचा ‘टी’ आला. कारखाना तोच, कामगार तेच, ट्रकचे तोंडही जवळपास तेच. बदलला तो तळहाताएवढा तुकडा, आणि त्याबरोबर भारतीय ट्रक आपल्या नावाने रस्त्यावर उतरला. उद्योगाच्या इतिहासात हा बदल दोन ओळींत सांगतात. माझ्या मते त्याचे खरे स्मारक तो ‘टी’ आहे.

नाशिकची गोष्ट जीपची. महिंद्रांनी ३ जून १९४९ रोजी मुंबईत माझगावला पहिली विलीज जीप जुळवली. जीपला बिल्ल्याची फारशी गरजच नव्हती. तिच्या पत्र्याच्या तोंडात रेडिएटरला वारा जावा म्हणून उभ्या खाचा पाडलेल्या असत. लष्करी जीपला नऊ, तर १९४५ नंतरच्या नागरी जीपला सात. या सात खाचा हीच ओळख झाली. पुढे नाशिकमध्ये महिंद्रांचा कारखाना आला आणि या तोंडाच्या गाड्या जिल्ह्याच्या अंगवळणी पडल्या. गमतीची नव्हे, चांगलीच गंभीर गोष्ट अशी की या रूपावरून खटला झाला. महिंद्रांनी २०१८ मध्ये अमेरिकेत रॉक्सर नावाची छोटी गाडी आणली. तिचे रूप आमच्या जीपचे आहे, अशी तक्रार जीपचे मालक असलेल्या फियाट क्रायस्लरने अमेरिकी व्यापार आयोगाकडे केली. जून २०२० मध्ये आयोगाने तक्रारदाराच्या बाजूने कौल दिला. महिंद्रांनी गाडीचे तोंड बदलले आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याच आयोगाने नव्या तोंडाला हरकत नसल्याचे सांगितले. गाडीचे रूप ही कोणाची मालमत्ता असू शकते, हे त्या वेळी अनेकांना प्रथमच कळले.

ऑगस्ट २०२१ मध्ये महिंद्रांनी आपल्या एसयूव्ही गाड्यांसाठी दोन शिखरांचे नवे चिन्ह आणले. मालवाहू गाड्यांवर आणि ट्रॅक्टरवर मात्र जुनेच, वर चढत जाणाऱ्या रस्त्याचे चिन्ह ठेवले. दिंडोरीच्या कुठल्याही बागायतदाराच्या अंगणात आज ही दोन्ही चिन्हे शेजारी शेजारी उभी दिसतात, एक घरच्या गाडीवर आणि एक मालाच्या पिकअपवर.

रेडिएटर मात्र दिसेनासा झाला. तिसाच्या दशकात तो जाळीमागे गेला. दाब धरणारे झाकण आले तसे पाणी शंभराच्या वर तापले तरी उकळेना, आणि झाकण बॉनेटखाली सुरक्षित जागी गेले. तापमान डॅशबोर्डवर दिसू लागले, मोटोमीटरची गरज संपली. झाकणच आत गेल्यावर त्यावरच्या मूर्तीला आधार उरला नाही, ती बॉनेटवर नुसती शोभेला राहिली. पायी चालणाऱ्याला धडक बसली तर ती अंगात घुसते, हे लक्षात आल्यावर अनेक देशांनी पुढे आलेल्या टोकदार भागांवर नियम केले. मर्सिडीजचा उभा तारा ढकलला की वाकतो, नव्या रोल्सची परी धक्का लागताच आत जाते, ते यासाठीच. हे झाले ते योग्यच झाले. कोणाच्याही जिवापेक्षा मूर्ती मोठी नाही.

रेडिएटरचा धातूही बदलला. जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा, तो गळला तर कारागीर गळती शोधून डाग देई आणि गाडी पुन्हा रस्त्यावर येई. भांड्यांसाठी नावाजलेल्या नाशिकसारख्या गावाला हे काम परके नव्हते. आताचा गाभा ॲल्युमिनियमचा आणि टाकी प्लास्टिकची. ती तडकली की बहुधा अख्खा रेडिएटरच बदलायचा. तांब्याला भंगारात भाव चांगला मिळतो, त्यामुळे जुने रेडिएटर वितळून गेले, आणि त्यांना चिकटलेले बिल्लेही बरेचसे त्यांच्याबरोबर गेले.

जे उरले आहेत ते घरांत आहेत. आजोबा सर्व्हिस मोटार चालवत असतील, वडील एसटीच्या वर्कशॉपात असतील, कोणाचे गॅरेज असेल, तर ट्रंकेत, खिळ्यांच्या डब्यात, वाड्याच्या माळ्यावर एकदा पाहाच. मोटार क्लबांचे बिल्लेही असतात. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून मुंबईत आहे, आणि अशा संस्थांचे सभासद त्यांचे बिल्ले रेडिएटरपुढच्या दांडीवर लावत. सापडलेला तुकडा चिंच, राखुंडी किंवा पितळ घासायच्या पावडरने घासू नका. निकेलचा मुलामा पातळ असतो, तो निघून जातो, आणि काचेला चरे पडतात. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब आणि मऊ फडके पुरे. उलटा करून मागचे नाव वाचा, दोन्ही बाजूंचा फोटो काढा, आणि तो कोणत्या गाडीवर होता, ती गाडी कोणत्या मार्गावर चालत होती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा.